अर्ज गेला, मग पदक मिळालं: अमेरिकेतल्या कॉलेजला कळवायचं का?

गणित ऑलिंपियाडची राष्ट्रीय फेरी, म्हणजे आयएनएमओ, जानेवारीत होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र यांच्या राष्ट्रीय फेऱ्याही मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातर्फे त्याच सुमारास, जानेवारीअखेर-फेब्रुवारीत घेतल्या जातात. आणि अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांपैकी बहुतेकांच्या नियमित अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते. त्यामुळे बारावीतल्या मुलाची सगळ्यात मोठी बातमी येते ती अर्ज रवाना झाल्यावर. विद्यापीठांचे निकाल लागतात मार्चच्या उत्तरार्धात. मधले अडीच-तीन महिने घरात तोच विषय. हे त्यांना कळवायचं का? कळवलं तर आगाऊपणा वाटेल का? नाही कळवलं तर हातची संधी जाईल का?

न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरांतही हेच चालतं, फक्त स्पर्धांची नावं बदलतात. रीजेनेरॉन सायन्स टॅलेंट सर्च या शाळकरी मुलांच्या संशोधन स्पर्धेच्या प्रवेशिका नोव्हेंबरच्या सुरुवातीला जातात. पहिल्या ३०० जणांची यादी जानेवारीच्या सुरुवातीला आणि अंतिम ४० जणांची जानेवारीअखेर जाहीर होते, अंतिम फेरी मार्चमध्ये वॉशिंग्टनला. गणिताच्या एएमसी परीक्षा नोव्हेंबरात होतात, त्यातून वर जाणाऱ्यांसाठी एआयएमई फेब्रुवारीत. सगळं कसं नेमकं मुदतीच्या पलीकडे.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. घरात ज्या दहा गोष्टी ‘हेही कळवूया’ म्हणून निघतात, त्यातल्या आठ-नऊ कळवण्यासारख्या नसतात. उरलेली एखादी मात्र जरूर कळवावी. एकदाच, थोडक्यात, आणि ते कॉलेज ज्या मार्गाने मागतं त्याच मार्गाने.

सबमिटचं बटण दाबल्यावर काय होतं

कॉमन ॲपवरून, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायच्या ऑनलाइन सोयीवरून, अर्ज पाठवला की त्या कॉलेजपुरता तो कुलूपबंद होतो. त्यात नंतर काना-मात्राही बदलता येत नाही. ज्या कॉलेजांना अजून पाठवलेला नाही, त्यांच्यासाठी मात्र तोच अर्ज दुरुस्त करता येतो. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १ नोव्हेंबरला एका कॉलेजात लवकरच्या फेरीत, म्हणजे नियमित मुदतीच्या आधी, अर्ज टाकून झाला असेल आणि डिसेंबरात काही मिळालं, तर बाकीच्यांसाठी वेगळ्या पत्राची गरजच नाही; उपक्रमांच्या यादीत घाला आणि पाठवा. त्या यादीत १० जागा आहेत, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. सन्मान-पुरस्कारांना ५ जागा, १०० अक्षरांच्या. जागा कमी आहे हे खरंच, पण वाचणारा आधी तिथेच बघतो.

अर्ज पोचल्यावर काही दिवसांत कॉलेजकडून ईमेल येतो आणि विद्यार्थ्याला स्वतःचं पोर्टल मिळतं. बहुतेक ठिकाणी हे पोर्टल स्लेट नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात काय मिळालं, काय यायचं बाकी आहे, याची यादी असते आणि अनेकदा कागद अपलोड करायची सोयही. इथून पुढचा सगळा व्यवहार या पोर्टलवरून. मुलाने ते एकदा उघडून पासवर्ड विसरून जाणं ही नित्याची गोष्ट आहे, आणि ते महागात पडू शकतं, कारण कॉलेजने मागितलेला कागद तिथेच लाल अक्षरांत दिसत असतो.

मग फाइल वाचली जाते. त्या भागाची जबाबदारी असलेला अधिकारी ती वाचतो, टिपण लिहितो, पुढे समितीत चर्चा होते. हा सगळा कारभार जानेवारी ते मार्च चालतो. कुठली फाइल कधी हातात येईल हे बाहेरून कळायला मार्ग नाही. जानेवारीअखेर आलेली बातमी बहुधा वेळेत पोचते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची ठीक. १५ मार्चला पाठवलेली बातमी म्हणजे वरात गेल्यावर घोडं. हार्वर्डकडे २०२४ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी ५४,००८ अर्ज आले होते आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. एवढ्या फाइली उपसणाऱ्या माणसाला प्रत्येक जादा कागद म्हणजे जादा काम, हे पत्र लिहिताना डोक्यात ठेवलेलं बरं.

एमआयटी मागतं, कॅलिफोर्निया नको म्हणतं

‘अमेरिकेतली कॉलेजं’ असं आपण एका दमात म्हणतो, पण या बाबतीत त्यांच्यात अजिबात एकवाक्यता नाही.

एमआयटी स्वतःहून विचारतं. त्यांचा ‘फेब्रुवारी अपडेट्स अँड नोट्स’ नावाचा फॉर्म आहे. आद्याक्षरं जुळवून सगळे त्याला ‘फन फॉर्म’ म्हणतात. नियमित फेरीतल्या आणि लवकरच्या फेरीतून पुढे ढकललेल्या, सगळ्यांनीच तो भरायचा असतो. त्यात सहामाहीचे गुण जातात आणि अर्जानंतर नवीन काय घडलं ते लिहायला जागा असते. जानेवारीत तो पोर्टलवर येतो, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत भरून द्यायचा. एमआयटीसाठी हा प्रश्न इथेच संपला. वेगळी ईमेल नको, कुरिअर नको.

दुसऱ्या टोकाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो धरून पदवीचे ९ कॅम्पस आणि सगळ्यांना मिळून एकच अर्ज. तो नोव्हेंबरअखेर जातो. त्यानंतर फोन, ईमेल, पत्ता यांसारखे मोजके तपशील बदलता येतात. नवे पुरस्कार, नवे उपक्रम घालता येत नाहीत आणि जादा कागदही ते मागत नाहीत. मात्र विषय बदलला, एखादा सोडला किंवा एखाद्यात फारच खाली गुण आले, तर ते कळवावं लागतं. थोडक्यात, कौतुक सांगू नका पण गडबड झाली तर लपवू नका. मला हे धोरण पटतं. नियम सगळ्यांना सारखा आहे, त्यामुळे शेजारच्याने काहीतरी पाठवलं आणि आपण राहिलो, ही धास्ती उरत नाही.

बाकीची बहुतेक कॉलेजं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. काहींच्या पोर्टलवर अपडेटसाठी वेगळी जागा असते. काही ‘अत्यंत महत्त्वाचं असेल तरच’ असं लिहितात, आणि ते मनापासून लिहिलेलं असतं. काहींनी काहीच लिहिलेलं नसतं. तिथे पोर्टलवर अपलोडची सोय दिसली तर ती वापरावी, नाहीतर प्रवेश कार्यालयाला दोन ओळींची ईमेल करून विचारावं. विचारल्याने कुणी अर्ज फेटाळत नाही.

आणखी एक जागा बघण्यासारखी आहे. बरीच विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहितीपत्रिका आपल्या संकेतस्थळावर टाकतात. तिच्या सी-७ या रकान्यात प्रवेश देताना कशाला किती वजन देतात ते कॉलेजनेच लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ अर्जदाराने दाखवलेल्या रसाबद्दल असते. तिथे ‘विचारात घेत नाही’ अशी खूण असेल, तर ‘तुमचंच कॉलेज मला किती आवडतं’ या छापाच्या पत्रांवर रात्री जागवू नयेत.

कशाला बातमी म्हणायचं

खरी अडचण इथे आहे. नियम वाचून कळतात, पण आपल्याकडचं जे आहे ते नवीन आहे की नुसतं आणखी थोडं आहे, हे ठरवायला घरातलं कुणी तयार नसतं. आईबाबांना तर सगळंच पाठवावंसं वाटतं.

माझी कसोटी अशी. आपला पाठवलेला अर्ज परत काढा आणि वाचणाऱ्याच्या नजरेने वाचा. ही नवी गोष्ट कळल्यावर त्याचं आपल्याबद्दलचं मत बदलेल का? अर्जात आधीच तीन वक्तृत्वाची बक्षिसं असतील तर चौथ्याने काही बदलत नाही. तो मुलगा चांगला बोलतो हे त्याला कळलेलं आहे. पण गणित हा मुख्य विषय म्हणून मागितलाय, अर्जात गणिताची आवड पानभर लिहिलीये, पुरावा मात्र शाळेच्या गुणांपलीकडे काही नाही. अशा फाइलमध्ये आयएनएमओतली निवड पडली तर चित्र पालटतं. तेच रीजेनेरॉनच्या अंतिम ४० जणांत येण्याचं. अशी बातमी मिळाल्याच्या दिवशी कळवावी, दुसऱ्या मताची वाट बघू नये.

पदकापेक्षाही एक प्रकार मला जास्त मोलाचा वाटतो, आणि मुलं तो हमखास विसरतात. अर्जात जे अर्धवट होतं त्याचं पुढे काय झालं, ते. नोव्हेंबरात ‘जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी ग्रंथालयाची यादी करणारं ॲप तयार करत आहे’ असं लिहिलं होतं. आता फेब्रुवारी आहे. ते ॲप चालू झालं का? कुणी वापरतं का? बाईंनी काही बदलायला सांगितलं का? वाचणाऱ्याने तो अर्धा राहिलेला प्रसंग वाचलेला असतो, त्याला पुढचा भाग कळवणं अगदी स्वाभाविक दिसतं. शिवाय अर्जात लिहिलेलं सगळं नुसतं अर्जापुरतं नव्हतं, हेही त्यातून आपोआप कळतं.

आता न पाठवायच्या गोष्टी. ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं. शाळेतल्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन. एक दिवसाचं वृक्षारोपण. जेईई मेनच्या जानेवारी सत्रातले पर्सेंटाइल आपल्याकडे घरादाराला सांगण्यासारखे असतात, पण तिकडच्या वाचकाकडे ते मोजायची पट्टी नसते. फॉर्ममध्ये जागा असेल तर एक ओळ लिहावी, त्यासाठी खास पत्र नको. एसएटी या अमेरिकी प्रवेश परीक्षेचे नवे गुण असतील तर तेही पत्रात रंगवू नयेत. ती परीक्षा घेणाऱ्या ‘कॉलेज बोर्डा’कडून ते थेट पाठवायची सोय आहे, तीच वापरावी.

शोधनिबंधांबद्दल जरा जपून. ‘पाठवला आहे’, ‘स्वीकारला गेला’ आणि ‘प्रसिद्ध झाला’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच लिहायच्या. पैसे भरून दोन आठवड्यांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचा बाजार आपल्याकडे जोरात आहे. तिकडच्या वाचकांनाही तो चांगला ठाऊक आहे. त्यात छापून आलेल्या निबंधाची बातमी कळवण्यापेक्षा न कळवणं फायद्याचं.

आणि निकाल मुदतीनंतर लागणार हे आधीच माहीत असेल, तर अर्जातच तशी नोंद करून ठेवा. आरएमओ, म्हणजे गणित ऑलिंपियाडची प्रादेशिक फेरी, नोव्हेंबरच्या आसपास होते आणि तिच्यातून आयएनएमओसाठी निवड होते. म्हणजे डिसेंबरअखेर अर्ज भरताना पुरस्कारांच्या यादीत ‘आयएनएमओसाठी पात्र, परीक्षा जानेवारीत’ एवढं लिहिता येतं. ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. पुढे निकाल कळवला की तो मागून घुसवलेला वाटत नाही.

शाळेतून जाणारी बातमी

सगळ्या खटाटोपात विद्यार्थ्याच्या पत्रापेक्षा जास्त वजनाची गोष्ट मागे राहून जाते. ती म्हणजे मिड-इयर रिपोर्ट. कॉमन ॲपवर शाळेने भरायचा हा अहवाल असतो, त्यात बारावीच्या वर्षाच्या मध्यापर्यंतचे गुण जातात. जानेवारी-फेब्रुवारीत तो पोचायला हवा. अकरावीत घसरलेले गुण बारावीत सावरले असतील, तर ते सांगायची याहून चांगली जागा नाही, कारण इथे विद्यार्थी स्वतःबद्दल बोलत नाही, शाळा त्याच्याबद्दल बोलते.

आंतरराष्ट्रीय शाळांत यासाठी वेगळा काउन्सेलर असतो. एचएससी बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजात सहसा कुणी नसतं. मग प्राचार्यांना किंवा एखाद्या ओळखीच्या सरांना कॉमन ॲपवर काउन्सेलर म्हणून नेमलेलं असतं, आणि त्यांनी डिसेंबरात पहिला अहवाल पाठवून सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो. जानेवारीत पुन्हा काही भरायचं आहे हे त्यांना विद्यार्थ्यालाच सांगावं लागतं. त्यात प्रिलिमचे पेपर तपासून व्हायचे असतात, प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असतात, ऑफिसात बारावीच्या हॉलतिकिटांची गर्दी. तेव्हा आधीच गाठावं. पहिल्या सत्राचे आणि प्रिलिमचे गुण कॉलेजच्या लेटरहेडवर, शिक्का-सहीनिशी, इंग्रजीत. प्रिलिमचा निकाल उशिरा लागणार असेल तर पहिल्या सत्राचे गुण आत्ता आणि प्रिलिमचे नंतर, असं दोनदाही चालतं. आपल्याकडे प्रिलिमचे पेपर मुद्दाम कडक तपासायची पद्धत आहे, ती तिकडे कुणाला माहीत नसते. सरांनी अहवालात एका वाक्यात तसं नमूद केलं तर ८१ टक्क्यांचा अर्थ बदलतो. हे वाक्य सरांनीच लिहायचं. विद्यार्थ्याने लिहिलं की ती सबब वाटते.

वाईट बातमी

अपडेट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पदकच येतं. पण कॉमन ॲप पाठवताना शेवटी ज्या निवेदनांवर आपण खूण करतो, त्यांत एक असंही आहे की अर्जातल्या माहितीत काही बदल झाला, शिस्तभंगाची कारवाई धरून, तर तो ताबडतोब कळवीन. मुलं ते न वाचताच पुढे जातात. त्यामुळे काही गोष्टी कळवणं ऐच्छिक नाहीच. अर्जात दाखवलेला एखादा विषय सोडला, शाळा बदलली, शाळेने कारवाई केली. हे लिहावंच लागतं. आधी काउन्सेलरशी बोलून, मग स्वतःहून. शाळेच्या अहवालातून कॉलेजला एक गोष्ट कळते आणि विद्यार्थी गप्प, असं व्हायला नको.

घरात आजारपण आलं, कुणी गेलं, वडिलांची नोकरी गेली, आणि त्याचा गुणांवर परिणाम झाला, तर तेही सांगावं. आपल्याकडे ‘घरचं बाहेर कशाला’ म्हणून मुलं हे दाबून ठेवतात. इथे ते सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे, वाचणाऱ्याला हवी असलेली माहिती आहे. दोन-तीन वाक्यं पुरतात, आणि काउन्सेलरने दुजोरा दिला तर उत्तम. पैशाची परिस्थिती बदलली असेल तर मात्र ते प्रवेश कार्यालयाला नव्हे, आर्थिक मदत कार्यालयाला कळवायचं. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे आर्थिक मदतीसाठीचा फॉर्म, भरलं असेल तर त्यातले आकडे आता खरे राहिले नाहीत, हे त्यांनाच सांगावं लागतं.

पत्र कसं दिसतं

समजा, साताऱ्याकडचा एक मुलगा आहे. अर्जात त्याने शेतातली ओल मोजणाऱ्या, घरी बनवलेल्या यंत्राबद्दल लिहिलं होतं. फेब्रुवारीत तो पत्र लिहायला बसतो. पहिला खर्डा बहुधा असा असतो (पत्र इंग्रजीतच जातं, मी मराठीत देते):

‘आदरणीय प्रवेश समिती, आपल्या जगविख्यात विद्यापीठात शिकणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. अर्ज केल्यानंतरही मी स्वस्थ बसलो नाही. मी पायथनचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, तालुका निबंध स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला, माझ्या प्रकल्पाला उत्तम प्रतिसाद मिळत आहे, आणि यातून माझ्यातील नेतृत्वगुण विकसित झाले…’

असं दीड पान. यातली ‘उत्तम प्रतिसाद’ ही एकच गोष्ट बातमी आहे, आणि नेमकं तिथेच तपशील नाही. आता दुसरा खर्डा:

‘माझ्या अर्जातल्या चौथ्या उपक्रमात मी ओल मोजणाऱ्या यंत्राबद्दल लिहिलं होतं. तेव्हा ते फक्त आमच्या शेतात होतं. जानेवारीत गावातल्या आणखी सहा शेतकऱ्यांनी ते बसवलं. दोघांकडे तीन आठवड्यांत मापं चुकायला लागली, कारण धातूच्या सळ्या ओल्या मातीत गंजत होत्या. आता मी सळ्यांऐवजी कपॅसिटिव्ह सेन्सर वापरतो आहे. खर्च वाढला, पण मापं टिकली. सोबत एक फोटो जोडला आहे. माझ्या कॉलेजने सहामाहीचा अहवाल १० फेब्रुवारीला पाठवला आहे. आपण वेळ दिल्याबद्दल आभार.’

संपलं. वर पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अर्ज क्रमांक, म्हणजे कागद बरोबर फाइलला लागतो. फोटो किंवा जोडपत्र कॉलेज स्वीकारत असेल तरच. यात कुठेही ‘जिद्द’ नाही, ‘ध्यास’ नाही, पण सळ्या गंजल्यावर या मुलाने काय केलं ते कळतं, आणि इंजिनिअरिंगच्या विभागाला तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

पत्र मुलाने लिहावं, मुलाच्या ईमेलवरून जावं. वडिलांनी फोन करून ‘आमच्या मुलाचा अर्ज कुठवर आलाय’ विचारू नये. आमदारांचं किंवा कुणा मोठ्या उद्योजकाचं शिफारसपत्र जोडायचा मोह होतो, तोही आवरावा. ज्याने मुलाला शिकवलेलं नाही किंवा त्याच्यासोबत काम केलेलं नाही, त्याच्या सहीला तिथे किंमत नाही.

डेफर आणि वेटलिस्ट

आतापर्यंतचं सगळं वाट बघणाऱ्या, म्हणजे अजून काहीच उत्तर न आलेल्या अर्जांबद्दल होतं. दोन प्रसंगांत मात्र पत्र लिहिणं जवळजवळ अपेक्षितच असतं.

पहिला, लवकरच्या फेरीत डिसेंबरात डेफर होणं. अर्ज नाकारलेला नाही, नियमित फेरीत पुन्हा बघू, असा त्याचा अर्थ. मात्र डेफर म्हणजे काठावर होतो, असं दरवेळी समजू नये. जॉर्जटाउनची पद्धतच अशी आहे की लवकरच्या फेरीत एकतर प्रवेश देतात नाहीतर पुढे ढकलतात; नकार त्या टप्प्यावर देत नाहीत. म्हणून आधी त्या कॉलेजची रीत बघावी. दुसरा प्रसंग मार्चअखेरचा, वेटलिस्टचा. तिथे आधी पोर्टलवर ‘हो, मला यादीत राहायचंय’ असं कळवावं लागतं, नाहीतर नाव आपोआप गळतं.

दोन्ही वेळी जे पत्र जातं त्यात अजूनही आपल्याला इथेच यायचंय हे, आणि अर्जानंतरची खरी बातमी, असे दोनच भाग. डेफरनंतर लगेच घायकुतीला येऊन लिहू नये. निराशा त्या पत्रात उतरतेच. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सहामाहीचे गुण हातात आल्यावर लिहिलेलं पत्र जास्त भरीव होतं. ‘प्रवेश मिळाल्यास नक्की येईन’ हे वाक्य एकाच कॉलेजला लिहायचं असतं. तीन कॉलेजांना तीच पत्रं पाठवणारे आहेत, आणि काउन्सेलरला फोन गेला की ते उघडं पडतं. ज्याला अर्ली डिसिजनमध्ये, म्हणजे मिळाला तर येणारच असं आधीच कबूल करून केलेल्या अर्जावर, प्रवेश मिळालाय त्याने तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे असतात, त्यामुळे इतरांना अपडेट पाठवायचा प्रश्नच येत नाही.

काही कॉलेजं याही टप्प्यावर पत्र नको म्हणून स्पष्ट सांगतात. कॅलिफोर्नियातही वेटलिस्टच्या वेळी कॅम्पसगणिक नियम वेगळा आहे. नको म्हटलं असेल तर नको.

वेटलिस्टवर आशा किती ठेवायची? पुन्हा कॉमन डेटा सेट उघडा, यावेळी सी-२. किती जणांना वेटलिस्टवर जागा देऊ केली, किती राहिले, किती आत गेले, हे तीन आकडे तिथे असतात. एकाच कॉलेजचे तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा. एखाद्या वर्षी शेकड्याने घेतलेले दिसतील, पुढच्याच वर्षी शून्य. ते तुमच्या पत्रावर नव्हे, १ मेपर्यंत किती जणांनी जागा पक्की केली यावर ठरतं. म्हणून १ मेच्या आत दुसऱ्या एखाद्या कॉलेजात पैसे भरून जागा धरायचीच, वेटलिस्टचं पत्र कितीही झकास जमलेलं असलं तरी.

बारावीच्या बोर्डाचा निकाल लागतो मे महिन्यात. तो पाठवायचा असतो, पण पत्राने नाही. जिथे प्रवेश घेतलाय त्या एकाच कॉलेजला, शाळेच्या फायनल रिपोर्टमधून, आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी जुलैच्या आसपास असते. तेव्हा आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसला सुट्टी लागायच्या आत लेटरहेड आणि सहीचं काम उरकून घ्यावं.